माघूब

त्या काळी प्रत्येकाच्या कानात तिळाएवढा मणी असे. त्याला श्रुतमणी म्हणत. परमुलखातली बोली कळावी म्हणून तो निघाला, पण बोललेला शब्द न् शब्द तो टिपूनही ठेवी. माणूस गाळायचा, शब्द तेवढा राखायचा. त्यामुळे वर्षभरात एखादा शब्द किती जित्या तोंडांतून निघाला, हे नाशिकच्या वाटेवरच्या विज्ञान संग्रहालयातली एक काच सांगत असे.

उन्हं टळेपर्यंत सगुणा वडिलांना, अण्णांना घेऊन तिथे शिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकला विधी होता. तिचा थोरला भाऊ जालिंदर अण्णांशी भांडून गेला, त्याला बारा वर्षं झाली. अशा बेपत्ता माणसाचा पळसपानांचा पुतळा जाळतात आणि त्याला गेलेला मानतात.

अण्णांनी बोटानं काचेवर ‘मोट’ लिहिलं. सहाशे बारा. “हायती की अजून,” ते खुशीत म्हणाले.

सगुणेनं लिहिलं, ‘माघूब’. जालिंदर पहाटे शेरडं सोडायला उठला की घोंगडीतल्या त्याच्या जागेवर ती सरके. मागे राहिलेल्या त्या उबेला दोघांनी ठेवलेलं नाव. तिसऱ्याला ते ठाऊक नव्हतं, आणि बारा वर्षं तिनं ते ओठांवर आणलं नव्हतं.

आकडा उमटला : दोन.

“हे दोघं कोण, ताई?” तिनं तिथल्या संशोधक टिळेकरांना विचारलं.

“ते यंत्रालाही कळत नाही. दुसऱ्या कुणी असाच शब्द घडवला असेल. पण तुम्ही उच्चारलात, तर आकडा वाढल्याचं त्यांच्या कानात कळेल. विरळ शब्दांना ती सोय आहे. बोलणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून.”

सगुणेनं अण्णांना सगळं सांगितलं.

“त्यो एक. दुसरा कोन?”

“शिकवला असंल लेकराला.”

“म्हंजे मी आजा झालो, आन् मलाच पत्ता न्हाई.”

ती काचेशी वाकली. “दादा, तुझी माघूब माझी.”

तीन.

अण्णांनी घसा खाकरला. अंड्यासारखा जपून तो शब्द उचलला. “माघूब.”

चार.

दोघं बघत राहिली. मग आकडा हलला. दोन.

“बिघडलं का वो?”

“नाही, आजोबा.” टिळेकरांनी नजर काचेवरच ठेवली. “आपला आवाज मोजणीतून काढून घ्यायचा हक्क असतो प्रत्येकाला. त्या दोघांनी तो काढून घेतला.”

काचेवर उरली होती ती सगुणा आणि अण्णाच.

सगुणेचा फोन वाजला. त्र्यंबकचे गुरुजी विचारत होते, पळसाची पानं आजच आणून ठेवू का. तिनं फोन अण्णांपुढे धरला.

अण्णांनी तो घेतला नाही. “काय सांगू त्यास्नी?” ते हळूच म्हणाले. “हाय म्हनू, का गेला म्हनू?”