रियाची दुसरी वेणी

चला, माझ्याबरोबर जरा कल्पना करा. कर्जतचा एक छोटा दवाखाना. वीस खाटा, दोनच नर्स. आणि खिडकीपाशी खाटेवर बसलेली सात वर्षांची रिया, एकच वेणी घातलेली! दुसऱ्या बाजूचे केस मोकळेच.

ती वेणी सकाळी समिधा सिस्टरनं घातली होती. दुसरी घालणार, तोच पलीकडची सलाईन संपली. “आलेच गं,” म्हणत समिधा धावली… ती दुपारपर्यंत धावतच होती.

दारात ती कुणावर तरी आदळली. कागद भुईभर झाले. देवेशच तो! शिळफाट्याच्या दवाखान्यातला नर्स. नर्सेसना स्वतःचं काम कसं वाटतं, याच्या पाहणीचे फॉर्म दवाखान्यादवाखान्यांतून भरून घेत हिंडायचा. दोन आठवड्यांपूर्वी, पहिल्या भेटीतही ते असेच आदळले होते.

“ब्रदर, बघून चाला की!”

“ब्रदर सोडून काहीही म्हणा.”

“इश्श! आज परत?”

“तुमचा फॉर्म राहिलाय ना.”

फॉर्म तिच्या खिशातच होता. पाचव्या प्रश्नानं तिची झोप उडवली होती : हाती घेतलेलं काम पुरं करता का? हेड सिस्टर म्हणाल्या होत्या, “सगळ्यांनी ‘नेहमी’च लिहा.” तिनं तेच लिहिलं होतं. कागद देताना बोटाला बोट लागलं…

“सिस्टर, माझी दुसरी वेणी?” रियानं हाक मारली.



“देवेश, थांबा… द्या तो परत.”

तिनं ‘नेहमी’ खोडलं. ‘पुष्कळदा नाही’ लिहिलं.

“आता म्हणाल, कसली ही नर्स!”

देवेशनं खिशातून स्वतःचा फॉर्म काढला. पाचव्या प्रश्नापुढे तशीच खाडाखोड!

“मीही तिथंच अडकलो,” तो हळूच म्हणाला. “आणि खरं सांगू? लागत होते तेवढे फॉर्म कधीच भरून झाले. मी काय फॉर्मसाठी येत नाय…”

“मग?”

“तुमच्यासाठी येतो. पुढच्या सोमवारी… येऊ?”

समिधाचे कान तापले. ओठ उघडले, तोच नऊ नंबरच्या आजींनी हाक मारली, “बाय गं, सलाईन संपली!” समिधानं आजींकडे पाहिलं, रियाच्या मोकळ्या केसांकडे, मग त्याच्याकडे.

“या!” ती धावता धावता म्हणाली. “नक्की या!”

रियानं जाणाऱ्या सिस्टरकडे पाहिलं. मग उशाखालून कंगवा नि लाल रिबीन काढली, देवेशच्या हातात दिली, आणि त्याच्याकडे पाठ करून मान ताठ धरून बसली.