सहा कुप्या आणि लिंबाचा वास

सुश्रुत पहिल्यांदा भेटला तेव्हा मी आईशी फोनवर भांडत होते. स्थळ, इन्स्टिट्यूटच्या फाटकाबाहेरची चहाची टपरी. तेवीस वर्षांच्या मुलीनं स्वतःचं ताट स्वतः घासावं असा कायदा भारतात नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. शेजारी उभा असलेला मुलगा चहात बिस्कीट बुडवता बुडवता शांतपणे मराठीत म्हणाला,
"काकूंचं बरोबर आहे."

कोलकात्यात मराठी ही आमच्या घरची गुप्त भाषा. बाबा रेल्वेत, गार्डन रीचला. मी इथेच वाढले, आणि आजवर बसमधल्या कित्येकांची निंदा त्यांच्या तोंडावर केली. ती कुणाला कळेल अशी भीती कधी नव्हतीच. लाजेनं कानापर्यंत लाल झाले... तेवढ्यात त्याचं बिस्कीट तुटून चहात बुडालं. जरा बरं वाटलं.

सोमवारी मी त्याच इन्स्टिट्यूटच्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून रुजू झाले, तर समोरच्या टेबलावर तोच. सांगलीचा, पीएचडीचं पाचवं वर्ष, शर्टाचं एक बटण कायम चुकीच्या काजात.

प्रेमात मी मेट्रोच्या गेटवर पडले. तो मला आपलं काम समजावून सांगत होता. बॅक्टेरियाचं सगळं वीजघर त्याच्या पातळ पटलात असतं. तिथे बसलेली काही एन्झाइम्स अन्नातल्या ऊर्जेच्या जोरावर प्रोटॉन बाहेर ढकलतात. बाहेर गर्दी साचते. आत यायला मात्र एकच वाट — एक फिरतं एन्झाइम. प्रोटॉन त्यातून आत घुसतात, ते फिरतं, आणि त्या फिरण्यातून एटीपी बनतं, म्हणजे बॅक्टेरियाचा खर्चाला लागणारा चार्ज. एवढं सांगेपर्यंत त्यानं कार्ड उलटं लावलं होतं. गेट उघडेना, आणि मागची सगळी गर्दी आमच्या अंगावर आली.

"हाच तो दाब," तो चेपल्या आवाजात म्हणाला.

आता प्रेम व्यक्त कसं करायचं? त्याच्या टेबलावर एका ट्रेमध्ये सहा काचेच्या कुप्या असायच्या. त्यात तो पटलाचे बारीक तुकडे घालून एटीपी मोजायचा. कुप्यांच्या तळाशी तपकिरी डाग. एवढा हुशार मुलगा आणि अशी भांडी... मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी आईची भांडी घासायची जेलची बाटली मी पर्समध्ये टाकली. तो चहाला गेला की मी कुप्या घासायचे. रोज. लख्ख. जिनं घरात चमचा विसळला नव्हता तिनं हे करणं म्हणजे प्रेमपत्रच होतं, फक्त सही नव्हती.

सही नसल्यानं श्रेय निमाईदांना गेलं. निमाईदा प्रयोगशाळेतले मदतनीस. सुश्रुतनं त्यांना संदेश मिठाईचा बॉक्स दिला. त्यांनी कशाबद्दल ते न विचारता दोन तिथेच खाल्ले.

तीन आठवड्यांनी सुश्रुतनं बटणं बरोबर लावायला सुरुवात केली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय.

एटीपी बनणं बंद झालं होतं. त्याचे तुकडे ऑक्सिजन भरपूर खात होते, पण काम शून्य. "पटल कुठेतरी गळतंय," तो म्हणाला. "प्रोटॉन गेटमधून येतच नाहीत, भिंतीतूनच आत येतायत. माझं आधीचंच मोजमाप चुकलं असणार." शुक्रवारी तो पीएचडीच्या कमिटीपुढे तसं सांगणार होता, चार वर्षांचं काम मागे घेणार होता. पुण्याच्या एका कंपनीत पाणी तपासायची नोकरी होती. हावड्याहून रविवारची गाडी त्यानं बघूनही ठेवली होती.

पटल गळतं कशामुळे, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पटल म्हणजे चरबीचा थर," तो म्हणाला. "साबणाचा नुसता अंश लागला तरी पुरे. पण तो ट्रे इथे कुणीच साबणानं धूत नाही."

मी माझ्या पर्सकडे बघितलं. पर्स टेबलावर होती, आणि तिच्यातून बाटलीचं हिरवं टोपण डोकावत होतं.

बोलले नाही तर तो रविवारी जाणार. बोलले तर तो राहणार, पण माझं तोंड कधी बघणार नाही. दोन दिवस मी गप्प राहिले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्या दोन दिवसांत तो निमाईदांचा निरोपही घेऊन आला. निमाईदांनी त्याला संदेश भरवले.

गुरुवारी दुपारी तो स्लाइड बनवत होता. मी बाटली त्याच्या कीबोर्डजवळ ठेवली.

"कुप्या मी घासत होते."

त्यानं बाटली उचलली. मग टोपण उघडून वास घेतला, आणि कानापर्यंत लाल झाला. राग असा कानातून येतो हे मला माहीत नव्हतं.

"पण... का, केतकी?"

"तुझ्यासाठी." आता लाज वाटायला जागाच उरली नव्हती. "घरी मी ताटसुद्धा घासत नाही. तुला माहितीये."

त्यानं वही उघडली आणि माझ्याकडे सरकवली. तीन आठवड्यांची पानं. प्रत्येक पानावर आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात एकच ओळ — 'लिंबाचा वास. केतकी आली असावी.'

"मला वाटलं, तो तुझा वास आहे," तो वहीकडे बघत म्हणाला. "रोज दुपारी मला उगाच छान वाटायचं. मी तीन आठवडे भांड्याच्या साबणाच्या..."

आम्ही दोघंही जमिनीकडे बघत होतो. फरशी स्वच्छ होती. ती मात्र निमाईदांनीच पुसली होती.

नव्या सहा कुप्या काढल्या. नुसत्या शुद्ध पाण्यानं धुतल्या. मी हात मागे बांधून उभी. संध्याकाळी पडद्यावरची एटीपीची रेघ आधी आडवी राहिली, मग हळूच वर चढू लागली. कमिटी, पुणे, रविवारची गाडी, सगळं त्या रेघेखाली गेलं.

सुश्रुतनं हवेत वास घेतला. "आता येत नाही," तो म्हणाला. जरा उदासच.

दुसऱ्या दिवशी घरून निघताना मी स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी थांबले आणि भांड्यांची जेल हातांना चोळली. फक्त हातांना. दारात आई उभी होती.

"लावतेच आहेस," ती म्हणाली, "तर निदान एक ताट घासून जा."

मी खाली मान घालून घासलं.