ताई लग्नाला आली होती

हे कुणाला पटावं म्हणून मी लिहीत नाहीये. पटवत बसण्याइतकं त्राण आता उरलेलं नाही. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

माझ्या भाचीच्या लग्नाची आदली रात्र. जागा, जंगलातला एक सफारी कॅम्प.

भाचीचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं ते माझ्या थोरल्या ताईने. भाचीची ती मावशी, पण आईच म्हणा. भाची प्राण्यांचे फोटो काढते, वर्षातले निम्मे दिवस जंगलातच असते. लग्नही तिथेच करायचं, हा तिचा हट्ट. मी कपाळाला हात लावला. ताई मात्र म्हणाली, करू दे तिला, हत्ती जेवायला आले तर तेवढं वाढप्यांना सांगून ठेव.

यजमान मीच. पाहुण्यांच्या गाड्या वाळूत रुतल्या, त्या ढकलल्या. माकडांनी मांडवाची फुलं खाल्ली, नवी बांधून घेतली. एका काकांच्या तंबूत पाल निघाली, तर त्यांनी परतीची गाडी मागितली. त्यांची समजूत काढली. संध्याकाळपर्यंत माझ्या पायांचे तुकडे पडले होते.

एकाच गोष्टीचा आधार होता. ताई येणार होती.

आठवडाभर ती दवाखान्यात होती. त्या दुपारी डॉक्टरांनी सोडलं. माझी बायको तिला गाडीने घेऊन निघणार होती. पाणवठ्याजवळचा शेवटचा तंबू तिच्यासाठी ठेवला होता. तिथे शांतता होती.

फोन लागायचा तो फक्त ऑफिसच्या खिडकीपाशी. दिवस मावळताना बायकोचा फोन आला.

ताई गेली होती.

कपडे बदलून, चपला घालून, पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या गेली.

बायको म्हणाली, "तिचं म्हणणं आठवतंय ना? 'माझ्यासाठी लग्न थांबवायचं नाही.' तू कुणाला काही बोलू नकोस. उद्या लग्न लागलं की सांग. मी इथे तिच्याजवळ थांबते."

बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं की ताईला निघायला उशीर झालाय, सकाळी पोचेल. तोंड धुतलं. आणि वाढप्यांना ताटं मांडायला सांगायला गेलो.

त्या कॅम्पचा एक नियम होता. अंधार पडला की कुणी एकट्याने फिरायचं नाही. तंबूच्या दारातून टॉर्च हलवायचा, मग कॅम्पचा वाटाड्या येऊन तुम्हाला घेऊन जायचा.

आम्ही शेकोटीपाशी बसलो होतो. एकेका तंबूतून टॉर्च हलत होता, वाटाड्या एकेकाला आणून सोडत होता. रातकिड्यांचा नुसता गजर चालला होता.

आणि मग… रातकिडे थांबले.

सगळे, एकदम.

मी मान वर केली. पाणवठ्याकडे, शेवटच्या तंबूत… टॉर्च हलत होता.

हळूहळू. डावीकडे, उजवीकडे.

मला वाटलं, साफसफाईचा कुणी माणूस असेल. मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, त्या तंबूची चेन सकाळीच लावून घेतलीय, आत कुणी नाही. म्हणेपर्यंत वाटाड्या तिकडे निघालाही होता.

त्याचा कंदील लांब गेला. तंबूपाशी थांबला. चेन उघडल्याचा आवाज आला… मग चेन लावल्याचा.

आणि कंदील परत यायला लागला.

इतका संथ की बघवेना. थोडा पुढे यायचा, थांबायचा. परत थोडा पुढे. ताईचे गुडघे गेली काही वर्षं दुखत होते. तिच्याबरोबर चालताना आम्ही सगळे असेच चालायचो.

वाटाड्या शेकोटीच्या उजेडाच्या कडेने गेला. एकटाच होता. पण त्याचा डावा हात कोपरात वाकवलेला होता… कुणी धरलेला असावा तसा.

जाता जाता तो मला म्हणाला, "मावशींना थेट नवरीकडेच जायचंय. जेवण नको म्हणतायत."

अगदी साध्या आवाजात.

काय बोलणार होतो मी? सगळी माणसं बसलेली. पलीकडून कुणीतरी म्हणालंही, "अरे वा, आल्या का ताई? बरं झालं." आणि परत ताटात बघायला लागलं.

मी उठलो. नियम मोडून एकटाच भाचीच्या तंबूकडे गेलो. वाटाड्या मला कुठे दिसला नाही. तंबूत दिवा होता. कापडावर भाचीची सावली दिसत होती. एकटीची. ती बोलत होती. मध्येच थांबायची, ऐकायची, हसायची, परत बोलायची. मधल्या जागेत मला काहीच ऐकू येत नव्हतं… पण ती जागा रिकामीही वाटत नव्हती.

मी हाक मारली.

आतून भाची म्हणाली, "मामा, आत्ता नको. आम्ही बोलतोय."

आणि दिवा विझला.

मी धावतच ऑफिसच्या खिडकीपाशी गेलो. बायकोला फोन लावला. काय विचारतोय ते मलाच कळत नव्हतं. विचारलं, "ताई तिथेच आहे ना?"

ती म्हणाली, "कुठे जाणार आहे ती आता? तू जरा पड. फार दमलायस."

मी परत येऊन भाचीच्या तंबूबाहेर खुर्ची टाकून बसलो. आत शिरायची हिंमत नव्हती, उठून जायचीही नव्हती. खरं सांगतो, मी जागा राहिलो नाही. भीती होती, पण अंगात थकवा जास्त होता. बसल्या जागी डोळा लागला.

जाग आली ती पाखरांच्या आवाजाने. रातकिडे थांबल्यापासून जंगलातला तो पहिला आवाज मी ऐकला. माझ्या अंगावर कुणीतरी शाल टाकली होती. कॅम्पचीच होती. टाकली कुणी, ते मी विचारलं नाही.

लग्न लागलं. पाणवठ्याच्या काठावर, कोवळ्या उन्हात. भाची सुंदर दिसत होती. मावशी कुठे आहे, असं तिने एकदाही विचारलं नाही. बाकीच्यांनी विचारलं, त्यांना ती सांगत होती की मावशी पडलीय जरा, तिला उठवू नका.

जेवणं झाली. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. माझा आवाज मध्येच अडकला, तरी ती थांबली. पूर्ण ऐकून घेतलं. रडली नाही.

मग म्हणाली, "मावशी काल मला म्हणाली, उद्या मामा तुला बाजूला घेईल. तो बोलेल ते शेवटपर्यंत ऐक. मध्येच रडू नकोस, नाहीतर त्याला परत पहिल्यापासून सांगावं लागेल. तो फार दमलाय."

एवढं बोलून ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडलो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो असतो, माया होती, निरोप घ्यायला आली. पण निघताना, गाडीत सामान चढवायला वाटाड्या आला. मी त्याला विचारलं की काल तू कुणाला आणलंस.

त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, तुमच्या ताईंना. त्यांनीच सांगितलं, मी त्याची ताई. नाक अगदी तुमच्यासारखं.

मग म्हणाला, "शेकोटीपाशी मात्र घाबरल्या होत्या. माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, लवकर चल. माझ्या भावाने मला बघितलं तर मला इथून जाता येणार नाही."

मी गाडीत बसलो.

याला आता बरेच महिने झाले. कुणी विचारलं तर मी सांगतो की मला फक्त वाटाड्याचा वाकवलेला हात दिसला, बाकी काही नाही. भाचीलाही तेच सांगितलंय.

पण रात्री दिवा मालवून पडलो की तो हात डोळ्यांसमोर येतो. शेकोटीची ज्वाळा एकदा उंच होते. आणि त्या कोपरावर… चार बोटं असतात.

ती मला त्या वेळीच दिसली होती, की नंतर दिसायला लागली, ते मला खरंच आठवत नाही.

मी बघितलं नाही, असंच मी म्हणतो. रोज म्हणतो.