काचपेटीतला एझ्रा

विल्मा प्रेथर घरगाड्यांच्या तळावर आली तेव्हा डेलबर्ट घरगाडीच्या पायरीवर कॉफी पीत बसला होता. कॉफी केव्हाच गार झाली होती. त्याला ते कळलं नव्हतं. मार्चमध्ये बायको गेल्यापासून त्याला फारसं काही कळतच नसे.

"बाई आहेत का आत?" विल्माचा श्वास फुलला होता. "काल म्हणाल्या होत्या, टल्सा शहरात गुन्ह्यांचा तपास करायच्या म्हणून."

"व्हर्ना," डेलबर्टने आत हाक मारली, "कोणीतरी आलंय तुझ्याकडे."

व्हर्ना स्टॉडर्ड ही त्याची थोरली मेहुणी. खाजगी तपासात तिने उभी हयात घालवली होती. हा प्रवास खरा लोरीनचा, डेलबर्टच्या बायकोचा. घरगाडी घ्यायची आणि जुने दरोडेखोर जिथं लपले, लढले, लटकले, ती सगळी गावं पालथी घालायची, हा तिचा हट्ट. ती गेली आणि डेलबर्ट खुर्चीला चिकटला. तेव्हा व्हर्ना म्हणाली होती, "इथंच कुजशील. चल, तिची गावं तरी बघू." तो निघाला. नाही म्हणायलाही जोर लागतो.

बिटर फोर्क ह्या गावातल्या जुन्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालं होतं आणि विल्मा त्याची राखणदार होती.

"एझ्राची कवटी गेली," ती म्हणाली. "बाहेरचं कुलूप जागेवर, काचपेटीचं कुलूप जागेवर, आणि कवटी नाही! किल्ल्या फक्त माझ्याकडे. म्हणजे चोर मीच, असं गावचे कारभारी म्हणतात. मी तुरुंगाच्या माडीवरच राहते हो. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं."

"पेटीत आता काय आहे?"

"पांढऱ्या फडक्याचा बोळा, आणि त्यावर एझ्राची टोपी. शेरीफ हॅस्केल म्हणतो, चोरानं फसवायला ठेवला."

"काल पेटी किती वेळा उघडलीत?"

"एकदाही नाही. किल्ली गळ्यातून काढली नाही मी."

व्हर्नाने नुसतं हं केलं.

डेलबर्टला कालची ती पेटी आठवली. वर पाटी होती: एझ्रा कोल्बर्न, बँका लुटल्या, पंचेचाळिसाव्या वर्षी फासावर गेला. खाली कवटी, तिच्यावर काळी टोपी. कोणा पोराने काचेला सिगारेट चिकटवून कवटीच्या तोंडात धरल्यासारखी दाखवली आणि सगळे हसले. डेलबर्टची दाढ ठणकत होती, म्हणून तो दातांकडेच बघत राहिला. काय दात होते! एकाला कीड नव्हती. सगळ्यात मागची दाढ तर हाडातून पुरती वरही आली नव्हती. नंतर रस्त्यावर गोळीबाराचा खेळ झाला. घोषणा झाली, "पाहा, एझ्राची खरीखुरी टोपी!" आणि टोपीवाला धाडकन मातीत पडला. लोरीनने केवढ्या टाळ्या पिटल्या असत्या, असं त्याला वाटलं. नुसतं वाटलं, आत काही हललं नाही.

गावात शिरल्यावर पहिली भेटली नोरीन कोल्बर्न, एझ्राची पणती. तिची खानावळ होती. दारातच फलक टेकवला होता: 'माझ्या पणजोबाला माती द्या.'

"मी नेली असती तर बरं झालं असतं," मऊ पावासारख्या बिस्किटांवर रस्सा ओतत ती म्हणाली. "उभं आयुष्य भांडतेय मी ह्या लोकांशी. पण मी चोरून का पुरेन? मला बँड लावून पुरायचंय त्याला. सगळ्या गावानं टोप्या काढून उभं राहायला हवं."

"काल संध्याकाळी कुठं होतीस?" व्हर्नाने विचारलं.

"तुरुंगाच्या दारात, फलक घेऊन. रोजच असते. विल्माला विचारा, ती पाणी आणून देते मला."

इतिहासाचे प्राध्यापक ऑस्ट्रँडर कोपऱ्यातल्या टेबलावर अंडी खात होते. ते चिडले. "मी चोरीन? पुढच्या आठवड्यात त्या कवटीचा एक दात प्रयोगशाळेत जायचा होता! ती एझ्राची नाही असं माझं म्हणणं होतं. आता कोण विश्वास ठेवणार?"

"आणि ती एझ्राची नसती तर?"

"तर ह्या गावात कोण येईल? कारभाऱ्यांना विचारा, कोणाला ती हरवलेली परवडते."

तेवढ्यात पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा शेजारी येऊन बसला. कालचा टोपीवाला, चेस्टर गँडी. त्याने आधी डेलबर्टच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं.

"डावीकडची, खालची. उजवीकडून चाव बाबा, आणि गरम काही घेऊ नकोस. आमचा दवाखाना बंद झाला, पण खोड जात नाही."

"दुखत नाही फारसं," डेलबर्ट म्हणाला.

"दुखायला हवं इतकी सुजलीय."

"मिस्टर गँडी," व्हर्ना म्हणाली, "कवटी कोणी नेली असेल?"

"कोणी का नेईना. गेली ते बरं झालं." त्याने केकचा तुकडा मागवला आणि मान खाली घालून खाऊ लागला.

बाहेर आल्यावर डेलबर्ट म्हणाला, "प्राध्यापकच असणार. परीक्षेत आपलाच दावा खोटा ठरेल म्हणून घाबरला असेल."

"डेल, तू काल त्या दातांकडे बघत बसला होतास. काय दिसलं?"

त्याने सांगितलं. व्हर्ना वाटेतच थांबली. मग म्हणाली, "शेरीफला बोलवू. आणि ह्या सगळ्यांना."

दुपारी सगळे काचपेटीभोवती जमले. विल्मा भिंतीला टेकून उभी होती.

"हा बोळा बघा," व्हर्नाने सुरुवात केली. "शेरीफ, तुम्ही म्हणता चोरानं फसवायला ठेवला. रात्री इथं चिटपाखरू नसतं. रिकाम्या घरात सोंग कोणासाठी?"

हॅस्केलने डोकं खाजवलं.

"सोंग होतं विल्मासाठी. दिवे मालवून कुलूप लावताना तिनं अंधुक उजेडात एक नजर टाकावी, टोपीखाली काहीतरी पांढरं दिसावं, की झालं. म्हणजे कुलूप लागायच्या आधीच कवटी गेली होती."

"पण पेटी उघडलीच नव्हती!" विल्मा म्हणाली.

"उघडली होती. काल आम्ही आलो तेव्हा टोपी कवटीवर होती. खेळात तीच टोपी माणसाच्या डोक्यावर होती. आज ती परत पेटीत आहे. टोपी काय काचेतून उडून गेली?"

विल्माने तोंडावर हात धरला. "ते... ते तर रोजचंच. खेळाआधी मी चेस्टरला टोपी काढून देते. नंतर पेटी पुन्हा उघडून देते, तो टोपी परत ठेवतो. मी तेव्हा लोकांना बाहेर काढत असते. मग येऊन कुलूप लावते. ते काय पेटी उघडणं झालं?"

"रोजचं झालं की दिसेनासं होतं," व्हर्ना म्हणाली. "नोरीन दाराबाहेर होती. प्राध्यापकांना ती कवटी परीक्षेसाठी हवी होती, गायब नव्हे. उघड्या पेटीशी एकटा उभा राहिला तो फक्त चेस्टर. पिस्तुलांच्या पिशवीत कवटी सहज मावते. मला 'कोणी' ते सकाळीच कळलं होतं. 'का' ते डेलबर्टनं सांगितलं."

"मी?" डेलबर्ट म्हणाला.

"अक्कलदाढ वर आली नव्हती म्हणालास. कोवळ्या वयाची खूण आहे ती. पंचेचाळिशीच्या माणसाच्या तोंडात इतरही खुणा असत्या, झिजलेले दात, किडलेले दात. इथं एकही नाही. आणि ते ओळखणारा दातांचा डॉक्टर गावात एकच. बरोबर ना?"

चेस्टरने नाकारलं नाही. तो बाकावर बसला.

"प्राध्यापकांनी मला दात काढून द्यायला सांगितलं होतं. म्हणून जवळून पाहिली, पहिल्यांदाच. इतकी वर्षं तिच्या डोक्यावरची टोपी उचलत होतो, पण पाहिली नव्हती. सोळा-सतराचं लेकरू असेल. नाजूक हाड, बहुतेक मुलगी. कारभाऱ्यांना सांगितलं. म्हणाले, हंगाम संपेपर्यंत तोंड बंद ठेव. आणि इथं पोरं तिला सिगारेटी पाजतात."

"कुठे आहे ती?" हॅस्केलने विचारलं.

"टेकडीवरच्या दफनभूमीत. माझ्या आईशेजारी माझ्यासाठी राखलेली जागा होती. तिथं."

मग विल्मा म्हणाली, "आणि सकाळी ते मला चोर म्हणत होते तेव्हा तू केक खात होतास, चेस्टर."

"हो," तो म्हणाला. "उद्या सांगणार होतो. असं मी स्वतःला सांगत होतो."

"उद्यापर्यंत माझं सामान रस्त्यावर असतं."

त्याने मान खाली घातली.

"मग आमचा एझ्रा कुठंय?" नोरीन हळूच म्हणाली. तिने प्राध्यापकांकडे पाहिलं. "मी कोणासाठी भांडत होते एवढी वर्षं?"

हॅस्केलने घसा साफ केला. "विल्मा, तुझ्यावर काही नाही. कारभाऱ्यांना मी सांगतो. चेस्टर, तुला माझ्याबरोबर यावं लागेल. जिल्ह्याला कळवायला हवं. पण आधी ती जागा दाखव."

सगळेच टेकडीवर गेले. ताज्या मातीचा लहानसा उंचवटा होता. नाव नाही, तारीख नाही. वारा सुटला होता. नोरीनने मातीवरची एक काडी बाजूला केली आणि तिथंच गुडघ्यावर बसून राहिली.

"काहीतरी बोलायला हवं ना?" विल्माने विचारलं. "पण काय बोलायचं? कोण होती तेच माहीत नाही."

डेलबर्ट मागे उभा होता. त्याची दाढ आता चांगलीच ठणकत होती.

"व्हर्ना," तो म्हणाला, "लोरीनला पुरलं तेव्हा पाऊस होता का?"

"नाही. लख्ख ऊन होतं."

"मला आठवत नाही." तो मातीकडे बघत राहिला. "माझ्याशेजारी कोण उभं होतं?"

"मी होते."

"मी काही बोललो?"

"नाही, डेल. एक शब्दही नाही."

त्याने मान हलवली. खाली रस्त्यावर खेळाची वेळ झाली होती. लोक जमत होते आणि टोपीवाल्याची वाट बघत होते.

"सांग मला," तो म्हणाला. "त्या दिवशी काय काय झालं, सगळं पहिल्यापासून सांग."