तळघरातला जादा आकडा

दुपारी तीनला ताई तळघरात उतरली, ती दिसायला किरकोळ अशा एका कामाला. ताई म्हणजे रुग्णालयातली संगणकवाली. वर तिसऱ्या मजल्यावर अपुऱ्या दिवसांची बाळं होती आणि त्यांचा श्वास मोजणारी यंत्रं या तळघरातल्या एका सर्व्हरला जोडलेली. सर्व्हरवर एजंट म्हणून एक छोटा प्रोग्रॅम असतो. काम राखणदाराचं. मशीन किती तापलंय, पंखे फिरतायत का, हे दर मिनिटाला मुख्य कचेरीला कळवायचं. तोच सकाळपासून पडत होता. उठवला की दहा मिनिटं चालायचा, पुन्हा आडवा. पाचपर्यंत तो उभा राहिला नाही तर कचेरी हे मशीन बंद करणार आणि बाळं दुसऱ्या गावी हलवणार. त्यातल्या दोघांना प्रवास झेपायचा नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

तळघराला खिडकी नाही. तिथं दुपार नसते, रात्रही नसते. नुसती पंख्यांची घरघर, अंगात शिरणारा गारठा आणि कुठून तरी तापल्या रबराचा वास. सोबतीला स्टुलावर वायरमन काका.

"पाचदा उठवलंस त्याला. सहाव्यांदा काय वेगळं करणार आहे तो?"

"काका, जरा गप्प बसाल का?"

"बसतो की. बोलायचा पगार कुठं मिळतो मला."

ताईनं नोंदी वाचल्या. एजंट दर वेळी एकाच ठिकाणी पडत होता. तापमानाच्या मापकांची यादी वाचता वाचता शेवटी एक जादा मापक यायचा. मशीनच्या कागदपत्रांत त्याचा पत्ताच नव्हता. बाकीचे चोवीस-पंचवीस दाखवत. हा सदतीस. तो आकडा वाचला की एजंट कोसळलाच.

"सदतीस..." ताई हळू आवाजात म्हणाली. "काका, हे तर माणसाच्या अंगाचं तापमान."

"कुठल्या बाजूला दाखवतंय?"

"मागं... खाली."

काका स्टुलावरून उठले.

"जुने साहेब तिथंच गेले. मशीनच्या मागच्या दाराला टेकून बसलेले. हात दारावर तसाच."

बारीक अंगाच्या, चष्मेवाल्या जुन्या साहेबांनी ही खोली वीस वर्षं सांभाळली होती. त्यांची रीत ठरलेली. आधी मशीनला तळहात लावायचा, मग पडद्याकडे बघायचं. ताई पडद्यावर शिकलेली. मशीनला हात लावायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सोपा उपाय तिला ठाऊक होता. यादीतली ती ओळ उडवायची, एजंट निमूट चालला असता. तिनं बटणावर बोट ठेवलं. पण दाबवेना. ती उठली, मागं गेली आणि खाली वाकून दाराला तळहात लावला.

चटका बसला. हे सदतीस नव्हतं, कितीतरी जास्त होतं.

दार उघडलं तर आतली, वीज गेल्यावर मशीन चालवणारी बॅटरी उशीसारखी टम्म फुगलेली. अजून तासाभरात पेटली असती, आणि धूर जिन्यानं सरळ बाळांपर्यंत गेला असता. ताईनं मशीन बंद केलं. काकांनी बॅटरी ओढून काढली आणि वाळूच्या बादलीत पुरली.

मग ताईच्या ध्यानात आलं.

"काका... बंद करायच्या आधी वर कळवायचं असतं. मी कळवलंच नाही..."

वरची सगळी यंत्रं आता आंधळी. नवी बॅटरी जोडायचं काकांवर सोपवून ती तीन मजले धावत चढली.

वॉर्डात शांतता होती. प्रत्येक पाळण्यापाशी एकेक सिस्टर उभी, बाळाच्या छातीवर अलगद हात ठेवून.

"झालं का हो?" थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "तुमच्याकडचे गृहस्थ सांगून गेले, थोडा वेळ यंत्रं बंद राहतील, एकेकीनं बाळाजवळ थांबा म्हणून. एक जण कमी पडत होती, तर शेवटच्या बाळापाशी स्वतःच उभे राहिले."

"वायरमन काका तर खाली..."

"ते नव्हेत. त्यांची कुरकुर ओळखते मी. हे बारीक, चष्मेवाले. आत्ता होते इथं."

भिंतीवरची यंत्रं एकेक करून उजळली. खालून काकांचा फोन आला. एजंट उभा आहे, पडत नाही. यादीतला तो जादा आकडाही गेलाय.

ताई शेवटच्या पाळण्यापाशी गेली. सगळ्यांत अशक्त बाळ ते. श्वास संथ चाललेला, गालांवर रंग आलेला. मूठ मिटलेली होती, पण पोकळ. आत एका बोटापुरती जागा.

ताईनं त्या जागेत हळूच आपलं बोट सरकवून पाहिलं.

जागा रिकामी दिसत होती. बोट आत गेलं नाही.