क्रूसाच्या बुडाशी तिरप्या चिपा

फाट्यावरचा दगडी क्रूस पडला, हे गावाला मंगळवारी सकाळी कळलं. सातशे वर्षं चर्चची वाट दाखवणारा क्रूस झुडपांत झाकला गेला होता. बांधावरची झुडपं छाटणाऱ्या ट्रॅक्टरला तो दिसलाच नाही.

पेरन दगडी बांध रचणारा. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या या कोपऱ्यातले अर्धे बांध त्याच्या घराण्याच्या हातचे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची, लोवेनाची शवपेटी चर्चला नेताना याच क्रूसाशी घटकाभर टेकवली होती. क्रूस आडवा पडलेला त्याला बघवेना. दुपारपर्यंत त्याने तो उभा केला, बुडाशी दगडाच्या चिपा ठोकल्या आणि सिमेंट भरलं. संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं. सिमेंट जुना दगड खातं, हे मात्र नव्हतं.

गुरुवारी वारसा खात्याची टॅम्सिन आली. भुरभुर पावसात, चिखलात गुडघे टेकून ती क्रूसाचं बूड बघत होती.

"जपून हं, तिथं काटे आहेत," पेरन बांधावरून म्हणाला.

"उशिरा सांगितलंत," ती बोट चोखत म्हणाली.

हे कुणी केलं, असं तिने गावभर विचारलं. गावाने तोंड शिवून घेतलं. म्हातारे जेथ्रो म्हणाले, संतांचा क्रूस आहे, आपणच उठला असेल. ती शुक्रवारी आली, शनिवारीही आली. पेरनच्या डब्यातली मांस-बटाटा भरलेली अर्धी पेस्टी खाऊन, मीठ कमी आहे म्हणाली. तो हसला... आणि आपण हसलो, याचंच त्याला नवल वाटलं.

शनिवारी ती सामान आवरू लागली. गप्प राहिला असता तर तो सुटला असता. पण आपल्याला सरळ माणूस समजून ती निघून जाणार, हे त्याला सोसेना.

"टॅम्सिन — ते सिमेंट मी भरलंय."

तिने चष्मा पुसला. "माहितेय."

"कोणी सांगितलं?"

"तूच. एक चीप डावीकडे तिरपी, एक उजवीकडे. तुझा प्रत्येक बांध तसाच आहे. गुरुवारीच कळलं."

"मग पुन्हा का आलीस?"

"तू सांगतोस का, ते बघायला..." तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि पेस्टीसाठी."

अहवालात तुझं नाव लिहावंच लागेल, असं ती म्हणाली. त्याने मान डोलावली. ते सिमेंट त्यानेच काढावं, पण तिच्या देखत, असंही तिने लिहिलं.

परवानगी आल्यावर दर शनिवारी दोघं बारीक छिन्नीने सिमेंटचे टवके काढत बसली. घाई केली की ती त्याच्या मनगटावर हात ठेवायची. एकदा ठेवलेला हात तिने उचलला नाही, आणि त्यानेही छिन्नी खाली ठेवली.

"तू आली नाहीस तर शनिवार जायचा नाही," तो म्हणाला.

"मग येत जाईन."

सिमेंट निघालं, आता त्याजागी चुना भरायचा; पण थंडीत चुना धरत नाही, म्हणून क्रूस उतरवून गोणपाटाखाली आडवा ठेवला आहे. एप्रिलमध्ये उभा करायचाय. लोवेनाच्या आईला पेरनने टॅम्सिनबद्दल अजून काही सांगितलेलं नाही.