काटा

वादळात विजेचे खांब आडवे झाले त्याला तीन दिवस झाले होते. वीज कधी येणार विचारलं की फोनवरचा माणूस म्हणायचा, "काम चालू आहे." कुठं चालू आहे, त्याच्या तोंडात? मिस्त्री शिव्या घालून थकला आणि वडिलांच्या साठ वर्षांच्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून बसला.

आत घरात त्याचा थोरला भाऊ ऑक्सिजनच्या मशीनवर होता. मशीन चालत होतं इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, आणि बॅटरी चार्ज करायची या म्हाताऱ्या डायनामोनं. शेडमधून खिडकीपर्यंत वायर ओढलेली. रस्त्यावर झाडं पडलेली, त्यामुळं दुसरं काही येणार नव्हतं.

कालपासून ट्रॅक्टरच्या मीटरचा काटा चार्जकडं झुकलेला. तरी बॅटरी उतरत होती.

"भावजी, मशीनवर पिवळा दिवा लागला हो!" वहिनी खिडकीतून ओरडली.

"बघतोय ना!"

त्यानं डायनामोचा पट्टा दाबून पाहिला. कार्बन घासले. डायनामो-बॅटरी जोडणारा-तोडणारा कटआउट उघडला, तर त्याचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेले. मग त्याची नजर बॅटरीवर गेली. या ट्रॅक्टरची प्लस बॉडीला लागते. वडिलांनी मडगार्डवर लाल रंगानं लिहून ठेवलं होतं. त्यानं घाईत आजच्या गाड्यांसारखी मायनस लावली होती. बॅटरी उलटी, म्हणून मीटरही उलटा बोलत होता. काटा चार्ज दाखवतोय म्हणून हा रात्रभर निर्धास्त घोरला.

तीस वर्षं मिस्त्रीपणा केला तो असा.

इंजिन बंद करून त्यानं डायनामो खोलला. आतलं तारा गुंडाळलेलं आर्मेचर काळंठिक्कर. जळक्या वार्निशचा वास नाकात शिरला. ते त्यानं फरशीवर ठेवलं. हाताला सवय म्हणून बॅटरी सरळ लावली. काटा शून्यावर येऊन थांबला.

"भावजी, लाल! लाल झाला!"

खिडकीतून दादाचं धापा टाकणं ऐकू येत होतं. मिस्त्रीनं मोठ्या टायरवर लाथ घातली. परत घातली.

"घे की! काय पाहिजे ते घे माझं, पण चार्ज दे!"

काटा हलला.

चार्जकडं सरकला, शून्यावर आला. परत सरकला. इंजिन थंड पडत होतं. डायनामोच्या जागी नुसतं भोक होतं, त्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

सुटी वायर कुठं टेकली असेल. त्यानं प्रत्येक वायर हातानं चाचपली. कुठंच टेकली नव्हती.

काट्याची लय त्याला ओळखीची वाटली. त्यानं श्वास रोखला.

काटा थांबला.

आत मशीन किंचाळलं. त्यानं घाबरून श्वास सोडला, भरभर घेतला. काटाही भरभर हलला.

"हिरवा!" वहिनीचा आवाज रडका झाला. "काय केलंत हो?"

मागून दादाचा घोगरा आवाज आला. "त्याला काय विचारतेस? त्याला तरी कुठं कळलं असेल!"

दोघं हसली. मिस्त्री ट्रॅक्टरच्या सीटवर बसून श्वास घेत राहिला. दुपारभर. बोटं गार पडली. उठायची हिंमत झाली नाही.

ऊन उतरता उतरता शेडमधला बल्ब लागला. वीज आली होती. आत मशीन भिंतीच्या प्लगवर गेलं, दादा उठून बसला.

मिस्त्रीनं इन्व्हर्टरची वायर काढली. मग बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या.

काटा हलतच होता.

"भावजी, या आता आत. तुम्हाला बोलावतायत."

"आलो."

काटा थांबवायला त्यानं श्वास रोखला. काटा थांबला नाही. छाती आता श्वास मागेल, मग घेऊ, म्हणून तो वाट बघत राहिला. शंभर मोजले. दोनशे मोजले.

छातीनं काहीच मागितलं नाही.